पंगुगृहातील स्नानाचे एक्केचाळीस नियम

परावलंबी माणसाची स्वच्छता हा सुधारलेल्या समाजाचा पाया होय. म्हणून तिचे नियम आधी व्हावेत, आंघोळ मागाहून होतेच.

१८६४ साली कपाशीला सोन्याचे दिवस आले. तेव्हा अमरावतीच्या एका दलालाने नऊ पंगू म्हाताऱ्यांसाठी घर बांधले आणि कारकून म्हणून मला पुण्याहून आणले. मला कुणाला आंघोळ घालता येत नव्हती, पण अक्षर वळणदार होते.

तीन महिन्यांत मी एक्केचाळीस नियम केले. नखे बुधवारी. आधी उजवा कान, मग डावा. पाणी सोसवेल इतके ऊन (कुणाला, हे लिहायचे राहिले). पालन शंभर टक्के (नोंद मीच करत असे). प्रत्यक्ष काम पार्बताबाई करीत. त्या निरक्षर असल्याने नियमांचा त्यांना अडथळा होत नसे. पुढे सरकी काढायला माणसे कमी पडली, तशा त्या तिकडे गेल्या.

दुसऱ्याच सकाळी खुशालरावांनी हाक मारली. हे भातकुलीकडचे पाटील. उजवे अंग लुळे पडलेले.

"वामनराव, धोतर ओलं झालं. बदलून द्या."

मी बेचाळिसावा नियम लिहीत होतो : हाक मारण्याची रीत. "एवढं कलम झालं की येतो," म्हणालो.

"अजून किती लिहून राह्यले?"

तिसरी हाक आली नाही. शिस्त लागली, असे मी समजलो.

गेलो तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून पडले होते. "पयले दार लावा," एवढेच बोलले. एक्केचाळीस नियमांत दार कुठेच नव्हते.

मी दार लावले, पाणी ओतले. त्यांनी पाय ओढून घेतला. "कोपर बुडवून पाहा," म्हणाले. पाहिले, आणि गार पाण्याचे विसण घातले. मग त्यांना कुशीवर वळवले. पाठ सोलून निघाली होती. माझा हात थांबला.

"कावून थांबले? घाण वाटते?"

"नाही," मी म्हणालो.

"मलेबी वाटते," ते म्हणाले. "पुसा."

पुसले. धोतर नेसवायला तीन खेपा लागल्या. तोवर पलीकडच्या खोलीतून मैनाबाई हाक मारत होत्या.

माझे नियम फार वाखाणले गेले. अकोल्याला नक्कल गेली. त्यात दार नाही, कोपरही नाही. घालायचे म्हटले तर सगळे पुन्हा लिहावे लागले असते, आणि अक्षर बिघडले असते.

आपण हे शेवटपर्यंत वाचलेत, आभारी आहे. मधे आतल्या खोलीतून कुणी हाक मारली असेल, तर आपणही "एवढं झालं की येतो" म्हणाला असालच.