पगारे काकांची आयरिश बाग

गेल्या महिन्यापर्यंत पगारे काका कुणाच्याही घरी गेले की चहाच्या आधी मोजा मागत. जोडी नाही, एक मोजा. "एकटा पडलेला एखादा आहे का?" असं दारातच विचारत, तेही अशा हलक्या आवाजात की घरातल्या बाईला वाटावं, आपल्याकडे कुणी लपून बसलंय. मिशिगनमधल्या नोव्हाय गावाच्या आसपासच्या मराठी घरांत ड्रायरमधून एकच मोजा बाहेर आला की कुणी दुसरा शोधत बसत नसे. तो काकांसाठी बाजूला पडे. माझी बायको नीता म्हणायची, या माणसामुळे आपल्या घरात वस्तू हरवायलाही एक शिस्त आली.

त्या मोज्यात काका अंगाच्या साबणाची वडी घालत, तोंडाला गाठ मारत आणि तो आपल्या द्राक्षबागेतल्या तारेला टांगत. हरणांना साबणाचा वास सोसत नाही म्हणे. बाग घरामागची, बावीस वेलींची. मोजे एकदा मी मोजले, तर एकसष्ट भरले. बाळाचे पिवळे, फुटबॉलचे लांब, एक ख्रिसमसचा, पांढऱ्या दाढीचा. नव्या माणसाला वाटावं, इथे मोज्यांचंच पीक घेतात. वारा सुटला की आख्ख्या गल्लीला आंघोळ घातल्यासारखा वास यायचा.

आता काका मोजे मागत नाहीत. लोक मला विचारतात, काकांचं काय झालं, हरणं गेली का? त्याचं उत्तर माझ्यापाशी आहे. सात वर्षं होतं.

बाग आयरिश आहे, असं काकाच सांगतात. वेली इथल्या नर्सरीतल्या, माती मिशिगनची, खत शेजारच्या घोडेवाल्याचं आणि घाम निफाड तालुक्यातल्या माणसाचा. तरी बाग आयरिश, कारण ती मॉरीन काकूंची. काकू आयर्लंडच्या, ॲन आर्बरला नर्स होत्या. काका शिकायला आले ते पहिल्याच हिवाळ्यात बर्फावरून घसरले. घोटा मोडला, तो ज्यांनी प्लॅस्टरमध्ये घातला त्या या. "पाय बांधला तो तिने पुन्हा सोडलाच नाही," असं काका त्यांच्यासमोर म्हणायचे आणि काकूंना त्याचं भाषांतर करून सांगताना भलतंच काहीतरी सांगायचे.

काकूंच्या लहानपणी तिकडे द्राक्षं म्हणजे आजाऱ्याला भेटायला जाताना न्यायची वस्तू. घरात कुणी खाटेवर पडल्याशिवाय द्राक्ष बघायला मिळायचं नाही. म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी ठरवलं, की स्वतः धडधाकट असताना, उभ्याने, स्वतःच्या वेलीवरचा घड तोडून खायचा. रोपं त्यांनी निवडली, खड्डे त्यांनी आखले. खणले काकांनी.

काकूंचा एक शब्द काकांनी कायमचा उचलला. ग्रँड. म्हणजे ठीक, मस्त. काहीही विचारा, उत्तर ग्रँड. एकदा त्यांच्या गाडीला मागून कुणी ठोकलं. मी विचारलं, गाडी कशी आहे? "ग्रँड. फक्त दार नाही."

बाग दाखवताना काका सांगत, "मालकीण ती. मी सालगडी." पहिल्यांदा मी हसलो. मग कळलं की त्यांचे वडील निफाडकडे एका बागायतदाराकडे खरोखरच सालगडी होते. सालामागून सालं त्यांनी दुसऱ्याच्या द्राक्षांत घातली. त्याच तालुक्यात, दुसऱ्या गावात, माझ्या वडिलांची नऊ एकर द्राक्षबाग. हे मी काकांना सांगितलं त्या दिवसापासून माझं नाव पडलं बागायतदार. "या बागायतदार, जपून, बुटाला माती लागेल." आंबेडकर जयंतीच्या जेवणाला शंभर माणसांत हाक यायची, "बागायतदारांना अजून एक जिलबी वाढा." लोक हसत. मीही हसे.

खरं सांगतो, मला ती हाक आवडायची. तिच्यातला टोमणा कळायचा, तरी आवडायची. आमच्या बागेत मी बांधाच्या पुढे क्वचितच गेलो. काम गडी करायचे. पण मिशिगनमध्ये हे कोण बघायला येतं? मी चारचौघांत द्राक्षांवर बोलायचो, आणि काका मान डोलवत ऐकून घ्यायचे.

सात वर्षांपूर्वीच्या वसंतात काकू आजारी पडल्या. आजार तोच, ज्याचं नाव आपण घेत नाही. काका दिवसभर हॉस्पिटलमध्ये. बागेचं ते तिसरं वर्ष, म्हणजे पहिल्या फळाचं. आणि तो एप्रिल नेमका कोरडा निघाला. रोज स्वच्छ ऊन. बर्फ लवकर वितळलं, लोक अर्ध्या बाह्यांचे शर्ट घालून फिरायला लागले, सगळे खूश. काकांचा फोन आला. "तीन आठवडे थेंब नाही. शनिवारी जाऊन पाणी घाल. बाकी काही करू नकोस." फोन ठेवता ठेवता म्हणाले, "तिला यंदा घड खायचाय."

मी गेलो. पाणी घातलं. पाठीवर ऊन, पायाखाली कोरडी माती. मला एकदम घरी असल्यासारखं वाटलं. वेलींवर वीतभर कोवळ्या फुटी आलेल्या, कशाही वाढलेल्या. आमच्याकडे एप्रिलच्या उन्हात बागेत काय चालतं, हे मी लहानपणापासून बांधावरून बघितलेलं. खरड छाटणी. सगळी वेल खरडून काढायची, एकेका डोळ्यावर, म्हणजे फुटीच्या कोंबावर, आणायची. पावसाळाभर ती नव्या काड्या धरते, ऑक्टोबरात पुन्हा छाटणी, आणि मग फळ. शेडमध्ये खिळ्याला काकांची कात्री होती. म्हटलं, बिचाऱ्याला वेळ कुठे आहे, आपण करून टाकू. परत आले की म्हणतील, शाबास बागायतदार.

संध्याकाळपर्यंत बावीस वेली खुंटावर आल्या. मी फोटो काढून भावाला पाठवला. तिकडे सकाळ झाली होती, त्याचा लगेच फोन आला. "दादा, हात बरा आहे की तुझा. मग दुसरी छाटणी कधी?"

"ऑक्टोबरात. आपल्यासारखीच."

"ऑक्टोबरात तिकडं काय असतं?"

त्याने भोळेपणाने विचारलं होतं. मी फोन ठेवला. ऑक्टोबरात इथे पानं गळतात, त्यानंतर बर्फ. इथे छाटणी एकदाच, थंडी सरता सरता, आणि ती काकांनी मार्चमध्येच करून ठेवली होती. त्या वर्षीचं फळ त्या वीतभर फुटींत होतं. फुटी माझ्या पायाशी पडल्या होत्या.

सगळ्या काड्या मी गाडीच्या डिकीत घातल्या. घरी आणून पालापाचोळ्याच्या कागदी पिशव्यांत भरल्या आणि सोमवारी कचऱ्याच्या गाडीला दिल्या. नीताने विचारलं, एवढं कुठलं? म्हटलं, आपल्या अंगणातलं. आमच्या अंगणात एक झुडूप आहे.

बुधवारी काका कपडे न्यायला आले. मीही गेलो. ते पहिल्या वेलीपाशी बराच वेळ उभे होते. खुंटाच्या टोकावरून त्यांनी अंगठा फिरवला. ते काही बोलायच्या आत मी बोललो. "हरणं आली होती वाटतं, काका."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "हं. हरणंच."

आत जाऊन त्यांनी काकूंचा एक करडा लोकरीचा मोजा आणला, त्यात साबणाची वडी घातली, पहिल्या वेलीला बांधला आणि हॉस्पिटलला गेले. तिथून मोजे सुरू झाले.

त्या वर्षी एक मणी धरला नाही. नोव्हेंबरात काकू गेल्या. चर्चमध्ये त्यांच्या लोकांनी गाणी म्हटली, घरी आमच्या मंडळींनी बुद्धवंदना घेतली. मी खुर्च्या मांडल्या, खुर्च्या उचलल्या. बोलावं असं दोनदा वाटलं. दोन्ही वेळा कुणीतरी खुर्ची मागितली.

पुढे सात वर्षं मी काकांना मोजे देत आलो. हे लिहितानाही लाज वाटते, पण दिले, आणि हरणांना चार शिव्याही दिल्या. काका नव्या पाहुण्यांना हरणांच्या गोष्टी रंगवून सांगायचे. एक म्हातारं हरीण कसं रोज कुंपणापाशी येऊन वास घेतं आणि शिंकून परत जातं, ते तर शिंकून दाखवायचे. एकच गोष्ट बदलली. मला बागायतदार म्हणणं त्यांनी सोडलं. सुधीर म्हणू लागले. माझ्या लक्षात आलं होतं. मी स्वतःला समजावलं, थट्टा जुनी झाली.

यंदाचा एप्रिलही तसाच निघाला. कोरडा, लख्ख. काकांनी अठ्ठ्याहत्तरी गाठलीय, गुडघा नवा बसवलाय, म्हणून शनिवारी पाणी घालायला मी जातो. ते खुर्ची टाकून बसतात आणि हातातल्या काठीने वेल दाखवतात. त्या दिवशी त्यांनी एक मोजा पुढे केला. निळा, आमच्याच घरचा. "हा त्या कोपऱ्यात बांध. तिथे जरा उघडं वाटतंय."

मी तो हातात घेतला आणि बांधता येईना. म्हटलं, "काका, हरणं नव्हती. मी होतो."

मग सगळं सांगितलं. कात्री, खरड छाटणी, भावाचा फोन, कागदी पिशव्या. बोलताना पाण्याची नळी एकाच वेलीला सोडून ठेवली होती. काका सगळं ऐकून घेऊन पहिलं वाक्य बोलले ते, "पाणी पुढच्या वेलीला लाव."

मी लावलं.

"हरणाला वरचे पुढचे दात नसतात, सुधीर. ते पाला ओढून तोडतं, टोकाला चिंध्या होतात. तुझे काप तिरपे होते. डोळ्याच्या बोटभर वर." मग म्हणाले, "चांगले होते काप. फक्त देश चुकला."

मला हसावं की काय करावं कळेना. विचारलं, मग हे मोजे कशाला?

"तू म्हणालास हरणं. मग हरणांचा बंदोबस्त नको करायला? केला नसता, तर तुला कळलं नसतं का, की मला कळलंय?"

मग विचारलं, काकूंना काय सांगितलंत?

"काही नाही." काका काठीने माती उकरत राहिले. "सप्टेंबरात एक दिवस दुकानातून काळी द्राक्षं आणली. पाच घड. हिरव्या दोऱ्याने वेलींना बांधले. मग तिला धरून इथवर आणलं. उभी राहिली. स्वतः तोडला घड. चार मणी खाल्ले."

नळीतून पाणी वाहत होतं.

"या वेलींना बियांची द्राक्षं येतात," काका म्हणाले. "रोपं तिनेच निवडलेली, तिला माहीत नव्हतं होय? एक बी थुंकावी लागली नाही तिला. चौथा मणी खाल्ला आणि म्हणाली, ग्रँड." काठीने त्यांनी उकरलेली माती सारखी केली. "तिने मला विचारलं नाही. मग मी तुला कसं विचारू?"

मी नळी पुढच्या वेलीला लावली, त्यांनी न सांगता. निळा मोजा अजून माझ्या हातात होता. काकांनी त्याच्याकडे बघून नाक मुरडलं.

"आता काढा ते मोजे, बागायतदार. सात वर्षं त्या वासाने डोकं उठलंय माझं."

मी पहिल्या वेलीपासून सुरुवात केली. तिथला करडा लोकरीचा मोजा विटून गेला होता, आतला साबण कधीच विरघळलेला. गाठीला हात घातला, तसा मागून आवाज आला.

"तो राहू दे."