घंटा ऐकणारा बोर्ड

विद्युतशास्त्र हे जगातलं सर्वांत सोपं शास्त्र आहे. ते अवघड असल्याची आवई वायरमन लोकांनी उठवली आणि आजवर त्यांना कोणी जाब विचारला नाही, एवढंच. वीज या तारेतून येते आणि त्या तारेतून जाते. पाहुण्यांपेक्षा बरी, जाते तरी!

हे विचार मी बायकोला ऐकवले तेव्हा घरात मिट्ट काळोख होता. तो मीच केलेला होता, पण मुद्दा तो नव्हता. मुद्दा सासऱ्यांचा होता.

सासरे, म्हणजे आमचे नाना, आमच्याकडेच राहतात. तब्येत ठणठणीत, दात स्वतःचे, फक्त कान संपावर गेलेले. समोर बसून खणखणीत बोललं तर सगळं समजतं. पाठीमागे भांड्यांचं कपाट कोसळलं तर ते शांतपणे वर्तमानपत्राचं पान उलटतात. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. "फार आवाज करतं," म्हणून त्यांनी ते डबीत ठेवून दिलं.

त्यांना मित्र एकच उरलाय. हे गृहस्थ निवृत्त पोस्टमन, घरात आम्ही त्यांना टपालराव म्हणतो. दर रविवारी चार वाजता ते नानांशी बुद्धिबळ खेळायला येतात, आणि येतात तेही नोकरीतल्या शिस्तीने. घंटा दोनदा वाजवायची, अंमळ थांबायचं, दार उघडलं नाही तर फटीतून चिठ्ठी सरकवून चालू लागायचं. हाका मारणं नाही, दार बडवणं तर नाहीच नाही. आता रविवारी चारला मी आणि बायको आतल्या खोलीत झोपलेलो असतो. आमचा पंखा असा घरघरतो की छपरावर विमान उतरलं तरी कळू नये. आणि नाना बाहेरच्या खोलीत, उजेडासाठी खिडकीकडे तोंड करून, पट मांडून बसलेले. परिणाम काय? लागोपाठ दोन रविवारी दारात चिठ्ठी: "दोनदा घंटा वाजवली. दार बंद. आणलेला डाव परत नेला."

त्यानंतर टपालराव महिनाभर लेकीकडे गावाला गेले. जाताना रस्त्यात माझ्या बायकोला भेटले आणि म्हणाले, "पोरी, तिसऱ्या खेपेलाही दार बंद मिळालं ना, की आम्ही ते टपाल प्रेषकाकडे परत पाठवतो. मग त्या पत्त्यावर पुन्हा जायचं नसतं. बापाला सांग."

बापाला सांगितलं. नानांनी सोंगट्या एकेक करून डब्यात भरल्या आणि डबा माळ्यावर ठेवायला सांगितला. मी म्हटलं, तोवर माझ्याशी खेळा. एक डाव खेळून म्हणाले, "तुमच्याशी खेळणं म्हणजे भिंतीवर चेंडू मारणं." मग जरा विचार करून म्हणाले, "भिंत चेंडू परत तरी देते."

"घंटा वाजली की दिवा लागतो, असलं काहीतरी दुकानात मिळतं म्हणे," बायको म्हणाली. "आणू या का?"

"दुकानातून? मी या घरात असताना?"

"तुम्ही घरात असताना काय होतं ते परवाच पाहिलं. फ्रिज अजून कण्हतोय."

मी तिकडे दुर्लक्ष केलं. माझा भाचा इंजिनियर आहे. निवृत्तीनंतर माझं डोकं चालतं राहावं म्हणून त्याने मला एक बोर्ड दिला होता. खेळायच्या पत्त्याएवढा निळा बोर्ड, मधोमध एक काळी चिप, दोन्ही कडांना भोकांच्या रांगा. हा नुसता मेंदू! याला कान नाहीत, डोळे नाहीत, हातपाय नाहीत. ते हवे असतील तर दुसरा बोर्ड बनवायचा, त्याच्या पिना या भोकांत खोचायच्या आणि त्याला पहिल्याच्या डोक्यावर बसवायचं. अशी तयार डोकी बाजारात मिळतात, पण माझं डोकं मीच बनवणार होतो. त्यावर एक छोटा माइक, तो घंटा ऐकणार. शेजारी एक रिले, म्हणजे काळा ठोकळा, तो आतल्या आत 'टक्' करून टेबलावरचा दिवा लावणार आणि थोड्या वेळाने तसाच विझवणार. दिवा नानांच्या नाकासमोर. दिवा लागला की नाना उठणार, दार उघडणार. यात चुकायला जागाच नव्हती.

आखणीला बसलो. खालच्या बोर्डावर नेमकं कुठलं भोक कुठे, ते मोजायचं होतं. वरून बघावं तर काळ्या पट्ट्यांतली काळी भोकं माझ्या चष्म्याला दिसेनात. म्हणून बोर्ड पालथा घातला. पाठीमागे काय सुरेख! प्रत्येक पिनेचं टोक चांदीच्या ठिपक्यासारखं स्वच्छ. पट्टीने मोजलं, संगणकावर उतरवलं, तांब्याच्या रेघा ओढल्या. रेघा एकमेकींना कुठेही शिवल्या नाहीत. सख्ख्या जावासुद्धा इतक्या सांभाळून राहत नाहीत. शेवटी कोपऱ्यात पांढऱ्या अक्षरांत छापायला दिलं: 'आवृत्ती पहिली आणि शेवटची.'

कारखाना पाचाच्या खाली बोर्ड बनवत नाही, म्हणून पाच आले. हिरवेगार, चकचकीत. शुक्रवारी भाग जोडायला घेतले. त्याआधी सहज बोर्ड निळ्या बोर्डावर धरून बघितला, आणि काय बघतो! डावीकडची रांग उजवीकडे, उजवीकडची डावीकडे!

भाच्याला फोन लावला.

"मामा, मोजताना बोर्ड सुलटा होता की पालथा?"

"त्याने काय फरक पडतो?"

पलीकडून खोकल्याचा आवाज आला. हसू दाबणाऱ्या माणसाचा खोकला वेगळा ओळखू येतो.

"मामा, आरशात भांग कुठल्या बाजूला दिसतो?"

"माझ्या डोक्यावर भांग पाडण्याइतकं काही शिल्लक नाही. मुद्द्यावर ये!"

"तुमचा बोर्ड आरशातला झालाय. नवा करून घ्या."

"अरे, टपालराव आज रात्री गावाहून परततायत. रविवारी येतील!"

"मग एकच उपाय. लांब पिना घ्या, उलट्या बाजूने जोडा आणि तुमचा बोर्डच पालथा बसवा. सगळे भाग वटवाघळासारखे खाली लोंबतील, पण तारा जुळतील."

तारा जुळल्या! शनिवारी सकाळी घंटेचं बटण दाबलं, टक्, आणि दिवा लागला! बायकोने चक्क मान डोलावली. नानांनी उठून माझी पाठ थोपटली आणि सोंगट्यांचा डबा माळ्यावरून काढायला लावला. विजयी वीराने दाढी करायला जावं तसा मी छाती काढून सलूनमध्ये गेलो.

परत आलो तर नाना छत्री उगारून दाराआड उभे!

"शू! कोणीतरी घंटा वाजवून पळतंय. मगापासून दिवा लागतोय, दार उघडावं तर बाहेर चिटपाखरू नाही."

तेवढ्यात दिवा विझला. टक्. आणि लगेच लागला. टक्. माझ्या काय ते लक्षात आलं. बोर्ड पालथा, त्यामुळे माइकचं तोंड खाली, रिलेचंही खाली. दोघं एकाच सांदीत कोंडलेले. दिवा विझताना रिले टक् करायचा, ते टक् म्हणजेच घंटा असं माइकला वाटायचं आणि तो पुन्हा दिवा लावायचा. माझं यंत्र स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन चालू झालं होतं. मी अनेक वक्ते असे पाहिलेत.

"नाना, अहो..."

"कोण आहे ते मला माहीत आहे," नाना म्हणाले. "टपालराव! रात्री आलाय गावाहून. दोनदा दार उघडलं नाही, त्याचा सूड! मी फोन करून चांगला खडसावलाय त्याला."

नानांचा फोन एकतर्फी असतो. पलीकडचं ऐकू येत नसल्यामुळे वादात त्यांना आजवर कोणी हरवलेलं नाही.

मी समोर बसलो आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "नाना, टपालरावांची काही चूक नाही. यंत्रच बिघडलंय."

"तुम्ही बनवलंय ना?"

"हो."

"मग यंत्राला कशाला बोल लावता? एवढ्या मेहनतीने केलंत!"

जावयाच्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, ही त्यांची पिढी. त्यापायी मित्र गेला तरी बेहत्तर! मी बायकोकडे बघितलं. ती मोबाइल कानापासून हातभर लांब धरून उभी होती, आणि तिथूनही टपालराव मला स्पष्ट ऐकू येत होते.

"घंटा वाजवून पळालो? मी? अगं, कुत्री मागे लागली तरी मी घंटा वाजवून पळालो नाही! साहेबाच्या दारातून पळालो नाही! आणि या वयात... उद्या चारला येतो. दोनदा वाजवीन. उघडलं तर समोरासमोर बोलू. नाही उघडलं तर पट त्याला लखलाभ!"

फोन बंद झाला. "आता?" बायको म्हणाली.

"आता काय, एक स्क्रू फिरवायचा," मी म्हणालो.

माइकला एक बारीक स्क्रू होता. तो फिरवला की त्याचा कान कमी-जास्त होतो. जरा फिरवला, टक् ऐकून दिवा लागायचा थांबला. निर्धास्त व्हायला म्हणून आणखी जरा फिरवला. घंटा वाजवून बघणार, तोच शेजारच्या डॉक्टरीणबाई दारात. "सकाळी घंटा, मग दिवसभर दार, दार, दार! माझा पेशंट विचारतोय, घरात लग्न आहे का?" बायकोने हात जोडले आणि मला बजावलं, "आता त्या बटणाला बोट लावाल तर बघा."

रविवार उजाडला. आज कोणी झोपलं नाही. पावणेचारला नाना स्वच्छ सदरा घालून पटासमोर बसले. सोंगट्या मांडल्या. नजर दिव्यावर. मी दिव्याशेजारी यंत्राजवळ उभा. बायको माझ्याजवळ, माझ्यावर नजर ठेवून.

चार वाजले. घंटा वाजली!

दिवा लागला नाही.

"अहो, घंटा!" बायको म्हणाली.

"ऐकली. पण याने नाही ऐकली." मी बोर्डवर टिचकी मारली.

"मग दार उघडा!"

"थांब गं! दुसऱ्यांदा वाजेल तेव्हा ऐकेल." मी स्क्रू शोधू लागलो. बोर्ड पालथा, स्क्रू खालच्या बाजूला, आणि त्या सांदीत माझं बोट जाईना.

दुसऱ्यांदा वाजली. दिवा ढिम्म! आता घरात दोघं बहिरे झाले होते.

"अहो, तो माणूस दारात उभा आहे!"

"एक मिनिट! लागेल! लागतोच आता!"

बायकोने माझा नाद सोडला आणि दाराकडे धावली. पण तोवर फटीतून चिठ्ठी आत आली होती. तिने ती उचलली, वाचली आणि नानांच्या समोर धरली.

'प्रेषकास परत.'

नानांनी चिठ्ठीकडे बघितलं. दिव्याकडे बघितलं. माझ्याकडे मात्र बघितलं नाही. ते फार चांगले गृहस्थ आहेत. मग उठले आणि तसेच अनवाणी जिना उतरू लागले. "नाना, सावकाश!" म्हणत बायको मागे, आणि तिच्या मागे मी, हातात बोर्ड, बोर्डाला लोंबणाऱ्या वायरी, वायरीच्या टोकाला दिवा. खरं सांगतो, हे सगळं खाली का ठेवून गेलो नाही, ते आजही मला सांगता येणार नाही.

टपालराव फाटकाशी उभे होते. फाटकावरची आमची पाटी मन लावून वाचत होते. तीत आमच्या आडनावापलीकडे वाचण्यासारखं काही नाही.

"पळालास ना शेवटी!" नाना ओरडले.

"पळालो असतो तर इथे दिसलो असतो का? गुडघे बघ माझे!" टपालराव त्याहून मोठ्याने ओरडले. "काल तर मी घराबाहेरसुद्धा पडलो नाही."

आता माझ्यापुढे पर्याय नव्हता. दोघांच्या मध्ये उभा राहिलो, बोर्ड वर धरला आणि पालथ्या मोजणीपासून स्क्रूपर्यंत सगळं खणखणीत आवाजात सांगून टाकलं. पलीकडच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या.

नानांनी बोर्ड माझ्या हातातून घेतला आणि उलटसुलट करून बघितला. "म्हणजे काल हा आलाच नव्हता, तर दिवा दिवसभर लागत होता?"

"हो."

"आणि आज हा आला, तर लागला नाही?"

"हो."

"आमच्या खात्यात एक साहेब होते असे," टपालराव म्हणाले.

आधी नाना हसले, मग टपालराव. नाना हसता हसता त्यांच्या खांद्याला धरून म्हणाले, "चल वर. तुला फोनवर काय काय बोललो रे मी!" "काय बोललास ते मला पाठ आहे," टपालराव म्हणाले, "पण ते तुला डावात हरवल्यावर ऐकवीन."

पट मांडलेलाच होता. नानांनी राजापुढचं प्यादं सारलं. टपालरावांनी चाल केली नाही. आधी चष्मा पुसला, मग घसा साफ केला आणि माझ्याकडे वळले.

"जावईबापू, एक विनंती होती."

माझी छाती पुन्हा फुगली. कितीही झालं तरी कल्पना चांगलीच होती! चार कोरे बोर्ड शिल्लक होते. एक यांच्या घरी बसवायला काय हरकत? या वेळी मोजमाप सुलटं घेता आलं असतं.

"बोला की, अगदी निःसंकोच बोला!"

"सबंध नोकरीत मी कोणाचं दार आपणहून ढकललेलं नाही. आता या वयात सवय मोडायची तर घरच्यांची परवानगी हवी. लेखी नको, तोंडी चालेल."

"कसली परवानगी?"

"रविवारी चार वाजता तेवढी कडी काढून ठेवत जा."