तात्यांचे तीन उजेड

सोपानतात्यांना मी दगड म्हणालो. तेही खोडदच्या चहाच्या टपरीवर, चारचौघांत.

"बायकोचं तेरावं झालं नाही तोच हा माणूस नारायणगावच्या बाजारात टोमॅटोला रेडिओ लावतोय. डोळ्यांत टिपूस नाही. दगड आहे."

मागे वळलो तर तात्याच. त्यांनी अर्धा कप चहा तसाच ठेवला आणि निघून गेले.

रेडिओचं मात्र खरं होतं. तात्या माझे शेजारी. कुठलीही गोष्ट ते तीनदा पाहतात. आधी डोळ्यांनी. मग पालथा हात जवळ धरून, ऊब लागते का ते. शेवटी खिशातला ट्रान्झिस्टर काढतात आणि स्टेशन न लावताच जवळ धरतात. खर्र. पुतणीला बघायला आलेल्या मुलालाही त्यांनी असंच पाहिलं. बिचारा श्वास रोखून बसला होता.

"तात्या, टमाटं बातम्या देतंय का?" व्यापारी विचारायचे.

"गप ऱ्हाय राव. एका उजेडात काय कळतंय?"

हे खूळ दुर्बिणीच्या प्रदर्शनातलं. गावाजवळच्या रेडिओ दुर्बिणीच्या त्या मोठ्या अँटेना बघायला तात्या आणि त्यांची बायको, सखूकाकू, गेले होते. तिथे आकाशातल्या एकाच ढगाचे तीन फोटो होते. साध्या उजेडात नुसता काळा डाग. उष्णतेच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात त्याच डागाच्या आत कोवळे तारे. आणि रेडिओलहरींत थंड वायू, ज्याचे तारे अजून व्हायचे होते.

"डाग न्हाई त्यो, बाळंतिणीची खोली हाय," काकू म्हणाल्या. "दार लावलंय म्हून आत कुणी न्हाई व्हय?"

पुढे तात्या हे वाक्य स्वतःचं म्हणून गावभर सांगत. काकू शेजारी बसून हसत.

टपरीवरच्या त्या दिवसापासून तात्या संध्याकाळचे माझ्या ओट्यावर यायचे बंद झाले. शेवटी मीच गेलो.

दिवस कलला होता. तात्या अंगणातल्या दोरीवरून काकूंची गोधडी काढत होते, दिवसभर उन्हात तापलेली. आत नेऊन त्यांनी ती काकूंच्या खाटेवर पसरली, कडा सारख्या केल्या आणि तिच्यावर पालथा हात ठेवून बसले. ट्रान्झिस्टर कोनाड्यात बंद करून ठेवलेला होता.

मी दारातच थांबलो. वर न बघता ते म्हणाले, "भाऊ, अजून ऊब हाय का बघ. माझा हात लई निबर झालाय."

मी पालथा हात गोधडीवर ठेवला.

"आहे, तात्या," मी म्हणालो. "चुकलं माझं."