ताईची बास गिटार आणि दोन झिजलेली बटणं

जुनी वस्तू विकावी तर मीच. हे मी एकटाच म्हणत नाही, माझी बायकोही म्हणायची. म्हणजे या प्रकरणाआधी म्हणायची. मेहुण्याची तीन वर्षं बंद असलेली स्कूटर मी विकली. शेजारच्या मावशींचं कपाट, जे उघडलं की मिटत नव्हतं आणि मिटलं की उघडत नव्हतं, तेही विकलं. माझा मंत्र एकच. वस्तू चकचकीत करा. गिऱ्हाईक आधी डोळ्यांनी घेतं, मग खिशानं.

म्हणून ताईला तिची बास गिटार विकायची झाली तेव्हा तिनं मलाच फोन केला. ताई सदुसष्ट वर्षांची. तरुणपणी एका ऑर्केस्ट्रात बास वाजवायची. पुढे गाणारे चमकायचे आणि मागे कोपऱ्यात उभी राहून ही चार जाड तारांवर सगळ्यांना तालात धरून ठेवायची. अजूनही रोज संध्याकाळी तासभर वाजवते. पण गिटार पडली साडेचार किलोंची. पट्टा खांद्यावर आला की हाताला मुंग्या. डॉक्टरांनी सांगितलं, एक तर हिला सोडा, नाहीतर खांद्याची आशा सोडा. ताईनं ठरवलं, ही विकायची आणि त्या पैशात हलकी घ्यायची. वाजवणं थांबवायचं हे तिच्या डोक्यातच आलं नाही. "नीट विक," एवढं म्हणून ती पेटीसकट गिटार माझ्याकडे ठेवून गेली.

पेटी उघडली आणि मी कपाळाला हात लावला. जिथे ताईचा कोपर टेकायचा तिथला रंग उडून लाकूड उघडं पडलं होतं, गिटारला टक्कल पडल्यासारखं. धातूचे भाग काळवंडलेले. आवाज कमीजास्त करायची दोन बटणं तर झिजून गोट्यांसारखी गुळगुळीत झालेली. मी त्याच दिवशी बाजारातून दोन सोनेरी बटणं आणली, जुनी उपटून ओट्यावर टाकली आणि नवी बसवली. पॉलिशपेपर आणि लाल रंगाचा डबाही आणला. पण रंगवण्याआधी किंमत तरी कळू दे, म्हणून गिटार घेऊन तारमास्तरांकडे गेलो.

तारमास्तर म्हणजे आमच्याकडचे वाद्यं दुरुस्त करणारे गृहस्थ. दुकान इतकं अरुंद की गिऱ्हाइकानं आडवं होऊनच आत शिरावं. त्यांनी गिटारची मान सोडवली, जोडाखाली पेन्सिलीनं लिहिलेली तारीख वाचली, आतल्या वायरींचे जोड भिंगातून पाहिले.  मग कागदावर एक आकडा लिहून माझ्यापुढे सरकवला. मला वाटलं, स्वतःचा फोन नंबर दिला.

ती किंमत होती.

मास्तरांनी समजावून सांगितलं की तारा सोडल्या तर हिच्यात सगळं मूळचं आहे, अगदी स्क्रूसुद्धा. अशी झीज वर्षानुवर्षं वाजवल्याशिवाय येत नाही आणि तिलाच मोल आहे. हिला रंगवलं, घासलं, तर निम्मी किंमत गेली म्हणून समजा. मी मान डोलावत राहिलो. घरातल्या लाल डब्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्या एका गोष्टीतून वाचलो म्हणून मनातल्या मनात हुश्श केलं, तेवढ्यात मास्तरांचं बोट सोनेरी बटणांवर येऊन थांबलं.

"ही कुठली?"

"नवीन आहेत. मीच बसवली."

"आणि जुनी?"

मी म्हटलं, आहेत घरी. मास्तर म्हणाले की आधी ती शोधा. बाहेरचं बटण बदललेलं दिसलं की आतलं काय काय बदललं असेल, अशी शंका गिऱ्हाइकाला येते. शिवाय मास्तरांच्या ओळखीचं एक गिऱ्हाईक शनिवारी गिटार बघायला यायचं होतं आणि त्या दिवशी गुरुवार होता.

घरी येऊन बायकोला विचारलं तर ती शांतपणे शेगडीकडे बघायला लागली. आमच्या शेगडीचं एक बटण गेले सहा महिने तुटलेलं होतं. ते आणायचं काम माझ्याकडे होतं, हे तिनं सांगितलं नाही, नुसतं बघितलं. तिथे ताईचं बटण अगदी फिट्ट बसलं होतं. दुसरं तिनं खालच्या शिंपीकाकांना दिलं होतं. त्यांच्या पंख्याच्या रेग्युलेटरला बटणच नव्हतं आणि ते बिचारे पकडीनं पंखा फिरवायचे.

ताईला फोन करून सगळं सांगावं, असं बायकोचं म्हणणं पडलं. पण सांगणार काय? पन्नास वर्षं जिवापाड जपलेल्या गिटारची बटणं मी एका दिवसात शेगडीला आणि पंख्याला वाटली? मी म्हटलं, तिला उगाच त्रास कशाला.

शिंपीकाकांकडे गेलो आणि घाईघाईत नको ते बोलून बसलो. म्हटलं, काका, ते बटण फार मौल्यवान आहे, मला हवंय. काकांनी सुईत दोरा ओवता ओवता वर पाहिलं. आजवर मी विकणारा. विकत घेणाऱ्यानं आपली गरज तोंडावर दिसू द्यायची नसते हे मला ठाऊकच नव्हतं. काका म्हणाले, पैशाचं काय, शेजारधर्म आहे. फक्त एक कोट शिवून पडलाय, गिऱ्हाईक दोन वर्षं फिरकलं नाही. तो घेतलात तर बटण तुमचंच. कोट जांभळा होता आणि त्यात मी आणि मेहुणा दोघं एकदम मावलो असतो. मी तो पूर्ण किमतीला घेतला. वर त्यांनी मला विचारलं, पँटही आहे, दाखवू का?

शुक्रवारी रात्री शेगडीचं बटण काढून तेलकटपणा पुसला आणि दोन्ही बटणं गिटारवर बसवली. त्या रात्री मी लहान मुलासारखा झोपलो.

शनिवारी मास्तर गिऱ्हाइकाला घेऊन आले. त्या बाई दातांच्या डॉक्टर होत्या आणि हौसेनं बास वाजवायच्या. त्यांनी पर्समधून दात तपासायचा छोटा आरसा काढला आणि गिटारच्या फटीफटीतून फिरवला. मला उगाचच आ वासावासा वाटला. ताई शेजारी बसून होती. सगळं मनासारखं चाललं होतं आणि मास्तरांनी चष्मा कपाळावर घेतला.

"ही जुन्या रेडिओची बटणं आहेत," ते म्हणाले. "या गिटारची नव्हेत."

  मी जांभळ्या कोटाचा विचार करत होतो. मग ताई म्हणाली, "रेडिओचीच आहेत. मीच लावली होती. मूळची बोटातून निसटायची."

"मग मूळची कुठे आहेत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

ताईनं पेटी जवळ ओढली, अस्तराच्या कोपऱ्यातली चेन उघडली आणि एक पत्र्याची डबी काढली. आत कापसात दोन्ही बटणं होती, काल कारखान्यातून आल्यासारखी. मास्तरांनी ती भिंगाखाली धरली आणि बऱ्याच वेळानं हसले. डॉक्टरीणबाईंनी किमतीत घासाघीस केली नाही. माझ्या छातीवरून साडेचार किलो उतरले.

सगळे गेल्यावर ताईला सारं सांगितलं. शेगडी, पंखा, कोट, काही लपवलं नाही. तिनं तोंड खिडकीकडे वळवलं. मला वाटलं, रागावली. मग तिचे खांदे हलायला लागले आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली.

"अरे, मला एक फोन करायचा होतास."

"तुला त्रास नको म्हणून."

"माझी डबी तुझ्याच घरात होती. त्रास कसला?"



आता तिच्याकडे नवी गिटार आहे, अडीच किलोंची. परवा दोन तास वाजवली आणि खांद्याचं नाव काढलं नाही. आता तिला तो जुना, कपाटाएवढा स्पीकरही विकायचाय. ते काम तिनं माझ्या बायकोला दिलंय. मलाही बोलावलंय, जिन्यावरून खाली उतरवायला. खरं सांगतो, इतकं हलकं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.