जिना मोकळा होईपर्यंत

ताम्पेरे शहरातल्या आमच्या इमारतीत कोणी कोणाला जिन्यात भेटत नाही. हा नियम नाही. नियम असता तर एव्हाना कोणीतरी मोडला असता. बाहेर पडण्यापूर्वी दाराला कान लावायचा आणि समोर कुलूप खुडबुडलं, तर त्यांना आधी जाऊ द्यायचं, एवढंच. शेजाऱ्याला भल्या सकाळी 'नमस्कार' म्हणायला लावण्याइतकं असंस्कृत आमच्यात कोणी नाही.

त्या शनिवारी तौनो राउटिओंच्या एकुलत्या एक मुलीचं, केर्तूचं लग्न होतं. चर्चमध्ये तिचा हात धरून तिला वेदीपर्यंत न्यायचं काम तौनोंचं. केक केला होता समोरच्या हिल्काबाईंनी. दोघंही नटूनथटून एकाच वेळी आपापल्या दाराशी आले, दोघांनीही समोरची खुडबूड ऐकली, आणि दोघंही सभ्यपणे थांबले.

बऱ्याच वेळाने चर्चमधून केर्तूचा फोन आला.

"बाबा, कुठे आहात?"

"दाराशी."

"चर्चच्या?"

"घराच्या. हिल्काबाई निघतायत. त्यांचं एकदा होऊ दे."

"अहो, त्या इकडेच यायच्यात! बरोबर या ना."

"बरोबर?" तौनोंचा आवाज खाली गेला. "अख्खा जिना?"

केर्तूने हिल्काबाईंना फोन लावला.

"मी कशी गं आधी निघू? नवरीचा बाप आहे तो. आजच्या दिवशी तरी त्याला सुखाने उतरू दे."

"मावशी, पुढचं लग्न दारात येऊन उभं आहे! पाद्रीबाई म्हणतायत, आता नाही तर पुढच्या महिन्यात."

"मग सांग ना तुझ्या बापाला. मी केक परत फ्रिजमध्ये ठेवलाय."

शेवटी केर्तूने सोसायटीचे अध्यक्ष ऑस्मो केटोला यांना साकडं घातलं. अध्यक्ष जातीने जिना चढून वर आले आणि प्रकरण जास्तच चिघळलं, कारण आता जिन्यात खरोखरच माणूस होता. दोन्ही दारांमागे श्वास रोखले गेले. आपली अडचण होते आहे हे ओळखून केटोला मागे वळले, तोच खाली कोणाचं तरी कुलूप वाजलं. पदाची प्रतिष्ठा राखून तेही आहे तिथेच थांबले. खालच्याने वर पाय वाजलेले ऐकले होते, तोही थांबला.

अशा रीतीने संपूर्ण इमारत एकमेकांचा मान राखत ताटकळत असताना, पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून नवरी स्वतः जिना चढून आली.

"बाबा! बाहेर! मावशी, केक! आणि केटोलाकाका, भिंतीकडे तोंड करून काय उभे आहात? दुसऱ्या बाजूने धरा तो केक!"

दारं उघडली. चौघं खाली उतरले. वाटेत एक शब्द नाही. फाटकाशी आल्यावर लालबुंद झालेल्या हिल्काबाई म्हणाल्या, "ऊन बरं पडलंय."

तौनोंनी विचार केला. "हो."

लग्न लागलं, अगदी शेवटच्या क्षणी. मात्र सोमवारपर्यंत इमारतभर झालं, की राउटिओंचं आणि समोरच्या बाईंचं काहीतरी आहे. नाहीतर भर दिवसा, सगळ्यांदेखत, हवामानावर बोलतील?

तुम्हाला हसू येणं साहजिक आहे. तुम्ही पडलात माणसांतली माणसं. फक्त आज लिफ्टमध्ये शिरल्यावर मागून कोणी "थांबा, थांबा" करत धावत आलं, तर आपलं बोट कोणत्या बटणावर आहे, तेवढं बघा. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. म्हणून आम्हाला दाराआड उभं राहावं लागतं.