धडधाकटांची धायटी

एका जंगलात, बाळांनो, उतारभर धायटी फुलायची. थंडी सरत आली की फांदीफांदीला लालभडक फुलं लगडायची. पोरंटोरं ती तोडून आतला गोड थेंब चोखायची. मोठी जनावरं तिच्याकडे ढुंकूनही बघायची नाहीत. मात्र कुणाचं पोट वाहायला लागलं, की मूठभर फुलं चावून, मधात कालवून चाटवायची, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. हगवण थांबायची. मग पुन्हा धायटीला कुणी विचारायचं नाही. औषधाचं हे असंच असतं.

एकदा काय झालं, आबासाहेब गव्याने चरता चरता धायटीचं अख्खं झुडूप खाल्लं. त्याच्या ध्यानातही आलं नाही. गव्याचं काय, तोंडासमोर आलं ते पोटात गेलं. दुसऱ्या दिवशी त्याने वाटेत पडलेला सागाचा ओंडका शिंगांनी बाजूला लोटला. तसा तो नेहमीच लोटायचा. पण या वेळी आदल्या दिवशीचं खाणं आणि हे लोटणं, दोन्ही भेकराने पाहिलं.

भेकर म्हणजे अंगाने शेळीएवढं आणि आवाजाने कुत्र्यासारखं. ते जंगलभर भुंकत सुटलं.

"आबासाहेबांच्या ताकदीचं गुपित सापडलं! धायटी! आपल्या पूर्वजांचा ठेवा!"

झालं. उतारावर रांग लागली. कोण होतं त्या रांगेत? ज्यांची कातडी तुकतुकीत, ज्यांचे दात शाबूत, ज्यांना आयुष्यात शिंक आली नाही, ते सगळे. त्यांनी फुलं खाल्ली आणि काय नवल सांगू, एकही आजारी पडला नाही! कालपर्यंत जे आपोआप ठणठणीत होते, ते आता धायटीने ठणठणीत राहू लागले. काहींची पोटं मात्र अशी आवळली, की सकाळी झुडपामागे गेलेले दुपारी परत येत. त्यांची चाल ताठ झाली. भेकर म्हणालं, "हेच ते तेज!"

उताराला करवंदीच्या काट्यांचं कुंपण पडलं. आबासाहेब अध्यक्ष झाले.

मग एक म्हातारं सांबर आलं. दात पडलेले, डोळे गेलेले, अगदी मरायला टेकलेलं. त्याने फूल खाल्लं आणि संध्याकाळी ते मेलं. धायटीची केवढी बदनामी झाली! तेव्हापासून नियम झाला. उतारापुढचा ओढा जो एका उडीत ओलांडेल, त्यालाच फूल मिळेल. ओलांडता येत नसेल, त्याने धायटीच्या सावलीलाही उभं राहू नये.

त्याच सुमाराला भिकाई अस्वलीच्या पिल्लाला हगवण लागली. गुंड्या त्याचं नाव. आईच्या पाठीवर बसून हिंडायचं ते पोर आता पाठीवरून घसरून पडायचं. डोळे खोल गेले होते. भिकाई त्याला तशीच पाठीवर घेऊन, एका पंजाने सावरत कुंपणापाशी आली.

"आबासाहेब, मूठभर फुलं द्या. पोराला हगवण लागलीय. पाणीसुद्धा पोटात ठरत नाही."

"भिकाई! चारचौघांत असला शब्द?" गवा फुरफुरला.

"शब्दाचं काय घेऊन बसलात? माझी पाठ बघा की."

रांग दहा पावलं मागे सरली. मोराने पिसारा उचलून धरला.

"हे बघ," गवा समजुतीच्या सुरात म्हणाला, "धायटी आरोग्यासाठी आहे. आजाऱ्यांचं इथे काय काम? आधी त्याला बरं कर, मग घेऊन ये. पोटभर देऊ."

भिकाईने गुंड्याला सावलीत ठेवलं आणि ती ओढ्याकाठी गेली. अस्वलाने उडी मारलेली कुणी पाहिली नव्हती. भेकर खिदळलं, "अगं भिकाईमावशे, म्हशीला पंख फुटले काय?"

तिने उडी मारली. पलीकडे छातीवर आदळली, पण पलीकडेच आदळली. नियम म्हणजे नियम. तिला मूठभर फुलं मिळाली. मात्र ती तिथेच, सगळ्यांसमोर खायची होती. तिने ती तोंडात घातली आणि गालफडात दाबून धरली.

"आता म्हण मोठ्याने," भेकर म्हणालं, "जय धायटी!"

तोंड उघडलं असतं तर सगळंच बाहेर आलं असतं. ती गप्प. सावलीत गुंड्या कण्हला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"बघा, बघा!" भेकर भुंकलं. "भक्तीने कंठ दाटून आला मावशीचा!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. भिकाईने पोर उचललं आणि गुहा गाठली. फुलं चावली, मधात कालवली, चाटवली. पुन्हा चाटवली. दोन-चार दिवसांत गुंड्याची हगवण थांबली. आठवड्याभरात तो सरड्यांमागे धावू लागला.

आनंद कुणाच्या पोटात राहतो, बाळांनो? पाणवठ्यावर ती बोलून गेली, "धायटीने वाचवलं गं माझं पोर."

दुसऱ्याच दिवशी सभा भरली.

"धायटीने धडधाकट धडधाकट राहतात," गवा म्हणाला. "आजारी बरे होत नाहीत. हे आपण सांबराच्या वेळी पाहिलं. तुझं पोर बरं झालं. म्हणजे ते आजारी नव्हतंच."

"नव्हतं कसं? तुम्हीच नाकं मुरडली होती!"

"मग तू आजाऱ्याला फूल चारलंस. त्याची शिक्षा ठाऊक आहे? पाणवठा बंद."

चैत्र तोंडावर होता. बाकीचे झरे आटले होते. भिकाईने गुंड्याकडे पाहिलं. तो सभेच्या मधोमध बसून स्वतःचं पाऊल चघळत होता.

"नव्हता आजारी," ती म्हणाली. "आईचा जीव. उगीच घाबरले."

गवा खूश झाला. गुंड्याला उंच दगडावर बसवण्यात आलं. "पाहा," भेकर भुंकलं, "जन्मात कधी आजारी न पडलेलं पिल्लू! धायटीचा प्रताप!" टाळ्या पडल्या.

सभा पांगली. एक कोल्हीण मात्र मागे रेंगाळली. जवळ येऊन हळूच म्हणाली, "भिकाई, खरं सांग गं. माझ्या धाकट्यालाही तसंच झालंय. तू काय दिलंस? कसं दिलंस?"

भिकाईने तोंड उघडलं. समोरच्या झुडपात भेकराचे कान उभे होते.

"काही नाही बाई," ती म्हणाली. "माझ्या पोराला काही झालंच नव्हतं."

तिने गुंड्याला पाठीवर घेतलं आणि मागे न बघता चालू लागली. कोल्हिणीच्या धाकट्याचं पुढे काय झालं, ते मला विचारू नका.

तात्पर्य: औषध नेहमी धडधाकटालाच द्यावं. आजाऱ्याला दिलं तर तो एक तर मरतो, नाहीतर बरा होतो. दोन्हींत औषधाची बदनामी होते.