जळका वास इंजिनाचाच आहे

बायकोला मोटरसायकल शिकवायची, हा निर्णय मी जेवता जेवता घेतला. पोट भरलं की मी उदार होतो, आणि मी उदार झालो की घरात काहीतरी मोडतं.

झालं असं, की ही एका शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. काचेच्या नळ्या, स्पिरिटचे दिवे, मुलांनी एकमेकांच्या अंगावर उडवू नयेत म्हणून कुलपात ठेवलेली आम्लं, असा तिचा तिथला संसार. (दुसरा संसार माझ्याशी. त्यात कुलपात ठेवण्यासारखं काही नाही.) तिला बढती मिळाली, पण शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या शाळेत. ती शाळा भरायची भल्या सकाळी, आणि तिकडे जाणारी पहिली बस पोचायची दुसरा तास संपता संपता. महिनाअखेरीपर्यंत गाडी चालवायचं लायसन्स हातात आलं तर ठीक, नाहीतर बढती दुसऱ्या कुणाच्या तरी पदरात पडणार होती. तिने ड्रायव्हिंग स्कूलची चौकशी करून ठेवली होती. मी ताटावरून हात हलवत म्हणालो, "घरात माणूस असताना बाहेर कशाला शिकायचं?"

तिने आजूबाजूला पाहिलं. तो माणूस म्हणजे मी, हे लक्षात यायला तिला जरा वेळ लागला.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही बंद पडलेल्या एका कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर जायला लागलो. जाताना गाडी मी चालवायचो, ही मागे. मैदानावर पोचलो की मी उतरून शिक्षक व्हायचो. शिक्षक म्हणून मी वाईट नव्हतो. सूचना देण्यात तर माझा हात कुणी धरला नसता. अडचण एवढीच होती, की सूचना संपेपर्यंत ही मैदानाच्या पलीकडच्या टोकाला पोचलेली असायची. चार-सहा दिवसांत ती अशी सफाईने वळणं घेऊ लागली, की मला काळजी वाटायला लागली. शिकवण्यासारखं काही उरलं नाही तर मी तिथे उभा राहून करायचं काय?

तेवढ्यात देवाने माझी सोय केली. एका सकाळी मैदानावर पोचून गाडी थांबवली आणि काहीतरी जळल्याचा वास आला. खरपूस, नाकात बसणारा. मी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला आणि निदान जाहीर केलं. क्लच जळतोय. नवशिके लोक क्लच अर्धवट दाबून ठेवतात, त्याच्या प्लेटा घासतात आणि इंजिनातून असा वास येतो.

ही म्हणाली, की आज तर तिने गाडीला अजून हातही लावलेला नाही.

"कालचा असेल," मी म्हणालो.

तिने एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसांची ही एक वाईट सवय असते. ती वाद घालत नाहीत, फक्त बघत राहतात.

वास रोज यायला लागला. लायसन्सची परीक्षा आठवड्यावर आली होती, आणि जळकी गाडी घेऊन गेलं तर तिथले अधिकारी फाटकातूनच परत पाठवतात असं हिने कुठेतरी ऐकलं होतं. तिचा चेहरा उतरला. मला तिची दया आली आणि मी म्हणालो, मेकॅनिक-बिकॅनिक काही नको, गाडीचं मी बघतो. (मी एका विमा कंपनीच्या कचेरीत टपालाची आवक-जावक बघतो. एकदा बघायची सवय लागली की माणूस काहीही बघू शकतो असा माझा समज आहे.)

परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, बाह्या सरसावून मी अंगणात बसलो. आधी इंजिन पुसलं. मग त्याला कान लावला. डॉक्टर जसं पोटावर बोटं वाजवून बघतात तसं दोनचार ठिकाणी वाजवूनही पाहिलं. शेवटी तेल मोजायची पट्टी आठवली. गाडी बाजूच्या स्टँडवर कलती उभी होती. मी इंजिनाचं झाकण फिरवून पट्टी बाहेर काढली, तर तिच्या अगदी टोकाला तेल लागलं होतं, न लागल्यासारखं. माझा आनंद गगनात मावेना. इंजिन कोरडं पडलं होतं. वास येणार नाही तर काय?

मी दुकानात जाऊन इंजिन ऑइलचा डबा आणला आणि ओतायला लागलो. किती ओतायचं ते डब्यावर बारीक अक्षरांत लिहिलेलं होतं, पण चष्मा घरात होता. शिवाय कमी पडण्यापेक्षा जास्त बरं, असा माझा स्वभाव. डबा उपडा करून शेवटचा थेंबसुद्धा झटकला आणि हिला हाक मारली. आपण केलेलं काम बायकोने बघितल्याशिवाय पूर्ण झाल्यासारखं वाटत नाही.

मी किक मारली. इंजिन आधी खोकलं, मग सुरू झालं. जरा वेळ सगळं छान होतं. मग सायलेन्सरमधून एक निळसर पांढरी रेघ निघाली, तिची दोरी झाली, दोरीचा ढग झाला. मी ॲक्सिलरेटर पिळला. (धूर जोरात बाहेर काढला की संपेल, हा त्यामागचा विचार.) ढगाने आधी तुळशीचं रोपटं गिळलं, मग वाळत घातलेल्या चादरी, मग आमची ही. तिचा आवाज मात्र येत होता. ती गाडी बंद करा म्हणत होती. मी ऐकू येत नाही असं दाखवत होतो, कारण गाडी बंद करायचं बटण कुठे गेलं ते मलाही दिसत नव्हतं.

आमच्या वरच्या मजल्यावर अग्निशमन दलातले एक निवृत्त गृहस्थ राहतात. आम्ही त्यांना बंबवाले काका म्हणतो. निवृत्त झाल्यापासून त्यांच्या आयुष्यात आग अशी लागलेलीच नव्हती. त्यांच्या खिडकीपर्यंत धूर पोचला असेल-नसेल, तोच जिन्यावर धाडधाड पावलं वाजली आणि काका ओलं पोतं घेऊन अंगणात अवतरले. त्यांनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं. सगळ्यांना म्हणजे हिला, कारण मी त्यांना दिसतच नव्हतो. मग त्यांनी आयुष्यभराच्या सरावाने पोतं असं फेकलं, की एका झटक्यात गाडी झाकली गेली. गाडीवर ओणवा झालेला मीही झाकला गेलो.

पोत्याखाली अंधार होता, गारवा होता आणि कांद्यांचा वास होता. वरून काका मला दाबून धरत होते, कारण आग धडपडते आहे असं त्यांना वाटत होतं. शेवटी हिनेच पुढे होऊन चावी फिरवली आणि काकांना सांगितलं, की आतमध्ये आमचे हे आहेत.

काकांनी पोतं उचललं. मला निरखून पाहिलं. "भाजलंय का कुठे?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते जरा हिरमुसले.

मी भिंतीला टेकून कोरडा होत बसलो आणि सूत्रं हिच्या हातात गेली. कुणी दिली नाहीत. गेली. तिने काकांना गाडी सरळ उभी धरायला सांगितली, पट्टी पुसून पुन्हा बुडवली आणि बाहेर काढून मला दाखवली. तेल खुणेच्या कितीतरी वर होतं. गाडी कललेली असताना तेलही एका बाजूला जातं, त्यामुळे पट्टीला लागत नाही, ती म्हणाली. तेल मुळात पुरेसं होतं. मी वरून डबाभर ओतलं, ते आता जळून धूर होऊन बाहेर पडत होतं. हे सगळं तिने आवाज न चढवता सांगितलं. चढवला असता तर मला भांडता तरी आलं असतं.

खालचा बोल्ट सैल करून जादा तेल जुन्या बादलीत काढलं. पुन्हा गाडी सुरू केली. धूर विरळ होत होत थांबला. काकांनी सुस्कारा सोडला. कुणाचा आनंद कशात असतो, सांगता येत नाही.

पण जळका वास उरलाच होता, आणि परीक्षा उद्यावर होती. ही म्हणाली, आता मैदानावर जाऊ, पण वाद घालायचा नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघायची. आधी तिने एकटीने फेऱ्या मारल्या. गाडी थांबल्यावर मी चारही बाजूंनी हुंगलं. काही नाही. मग तेवढ्याच फेऱ्या तिने मला मारायला लावल्या. मी उतरलो आणि वास आला. तोच, खरपूस.

मी म्हणालो, इंजिन आता जास्त तापलंय. ती इंजिनाकडे गेलीच नाही. मागच्या चाकाशी बसली आणि बाटलीतलं थोडं पाणी त्याच्या मधल्या डब्यावर शिंपडलं. चुर्र झालं.

"सबंध वेळ मागचा लाल दिवा पेटलेला होता," ती म्हणाली. "ब्रेक का लावून ठेवला होतात?"

मी ब्रेक लावलाच नव्हता. तसं शपथेवर सांगायला मी तोंड उघडलं आणि तिच्या नजरेमागोमाग खाली पाहिलं. मी पुन्हा गाडीवर बसलो होतो, आणि माझा उजवा पाय ब्रेकच्या पॅडलवर जेवण झाल्यासारखा पसरला होता. त्याला तिथे कुणी बोलावलं नव्हतं. तो आपणहून गेला होता, आणि सवयीचा दिसत होता.

मग मला बरंच काही उमगलं. गाडीला चढ का झेपत नाही ते. रस्त्यात मागून येणारे लोक माझ्या मागच्या दिव्याकडे बोट दाखवून का ओरडतात ते. (मला वाटायचं ओळखीचे आहेत. मी हात हलवायचो.)

"म्हणजे क्लच चांगला आहे," मी म्हणालो.

"उत्तम आहे," ती म्हणाली. आणि मग इतक्या दिवसांत पहिल्यांदाच हसायला लागली, ती गाडीच्या सीटला धरून, डोळे पुसत. मला राग यायला हवा होता. पण तिचा उतरलेला चेहरा मी आठवडाभर बघितला होता. मीही हसलो. पाय आधी काढला, मग हसलो.

सोमवारी ती आठ आकड्याच्या वळणातून एकदाही पाय न टेकवता बाहेर आली. अधिकारी खूश झाले. कुणाकडे शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी गळ्याशी हात नेऊन कॉलर सारखी केली. हिने क्षणभर विचार केला आणि मोठ्या मनाने माझ्याकडे बोट दाखवलं.

अधिकारी माझ्याकडे वळले. म्हणाले, वा, फार छान शिकवलंत, आणि गाडी इथवर तुम्हीच चालवत आणलीत ना? मी अभिमानाने हो म्हणालो. मग तुमचंही लायसन्स बघू, ते म्हणाले.

मी पाकिटातून काढून दिलं. त्यांनी फोटो बघितला, माझं टक्कल बघितलं, परत फोटो बघितला, मग तारीख बघितली. माझ्या लायसन्सची मुदत संपून इतका काळ लोटला होता, की आता ते नुसतं वाढवून मिळणार नव्हतं. पुन्हा शिकाऊ लायसन्सपासून सुरुवात करावी लागेल, ते म्हणाले, आणि तोवर बाईंना मागे बसवल्याशिवाय गाडीला हात लावू नका. येताना ही मागे होती. जाताना मी.

आता ती नव्या शाळेत वेळेवर पोचते आणि सुट्टीच्या दिवशी मला शिकवते. परवा सिग्नलला थांबलो होतो. हँडल माझ्या हातात, ही मागे, आणि पुढे नवशिक्याचं ते मोठ्ठं लाल अक्षर चिकटवलेलं. शेजारी एक मोटार येऊन थांबली. काच खाली गेली, तर आत आमच्या कचेरीतले मोठे साहेब. त्यांनी लाल अक्षर पाहिलं आणि हिला कौतुकाने विचारलं, "वहिनी, शिकताय वाटतं?"

"मी नाही," ती म्हणाली. "हे शिकतायत."

साहेबांनी माझ्याकडे बघून मान डोलावली.

"आमच्याकडेही शिकतायत," ते म्हणाले. "बरीच वर्षं झाली."